बाराव्या खुर्चीपुढची परात

मी पितळेची परात बोलतेय. घाई नसेल तर बसा दोन घटका. मला भराभर सांगता येत नाही.

माझ्या काठावर एक नाव कोरलंय, बोट फिरवलं तर अजून लागेल. इनास. तिच्या लग्नात तिच्या बापानं मला आगाशीच्या बाजारातून घेतलं आणि दुकानदाराकडून नाव घालून घेतलं. ती नंदाखाल गावची. सासर राजोडीच्या वाटेवर, केळीच्या बागांत. माझ्यात ती भाकरीचं पीठ मळायची. पहिला मुलगा झाला, सिप्रियन, तर त्याची आजी त्याला माझ्यातच आंघोळ घालायची. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा बाहेर फाकलेला. आजी म्हणायची, "हा पाय सरळ वाटेनं जायचा नाय गो." सगळ्या हसायच्या. आजीच्या बोलण्याला कोण धरून बसतं?

बागेला बाग लागून ऑगस्टीनची होती. तो नि सिप्रियन एका वयाचे. एका बावखलात पोहायला शिकले. बावखल म्हणजे आमच्याकडचं बागेतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि विहिरींना पुरतं. समुद्र इथून हाकेवर आहे. वरून गोडं पाणी दाबून धरतं म्हणून खारं खाली राहतं. गोडं उपसलं की खारं वर येतं. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

म्हातारपणी इनासनं मला चर्चला दिलं. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, फादर गावातल्या बाराजणांचे पाय धुतात. प्रभूनं शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. चर्चची चिनी मातीची कुंडी फुटली होती, तिच्या जागी मी गेले. त्या एका दिवशी प्लासिड मला चिंच लावून घासायचा. तो चर्चची साफसफाई बघायचा. बाकी सारं वर्ष मी वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात.

बारा खुर्च्या, बारा पाय. एकेकच, उजवा. इतकी वर्षं मी ते पाय बघितले, पण माझ्यातलं पाणी कधी गढूळ झालं नाही. लोक घरीच वजरीनं टाचा घासून, साबण लावून यायचे. डाव्या पायाकडं कुणी बघायचंही नाही. मला वाटायचं, धुऊनच आणायचे तर आणता कशाला? पण परातीला कोण विचारतो.

तीसेक वर्षांपूर्वी गावात टँकर शिरले. विहिरी उपसायच्या आणि पाणी विरारच्या नव्या इमारतींना, पार सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांपर्यंत पोचवायचं. गाव उठलं. सिप्रियन सगळ्यांच्या पुढं. टँकरपुढं आडवा पडला, पोलिसांची काठी खाल्ली. मग चर्चच्या आवारातल्या क्रुसावर हात ठेवून घराघरानं शपथ घेतली, आमच्या विहिरीचं पाणी विकणार नाही. पहिला हात सिप्रियनचा. दुसरा ऑगस्टीनचा. त्या वर्षी गुरुवारी सिप्रियनला पहिली खुर्ची मिळाली. त्याची टाच तेव्हा काचेसारखी गुळगुळीत होती.

आणि वीसेक वर्षांनी त्यानंच पाणी विकलं.

मुलगा एल्रॉय कॅनडाला जायचा होता, घरावर मजला चढवायचा होता. कारणं कुणाकडं नसतात? बागेच्या मागच्या अंगानं पाईप टाकला. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं की टँकर लागायचा. दोन उन्हाळे चाललं. ऑगस्टीनच्या केळीची पानं कडेनं करपायला लागली, तेव्हा तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "सिप्री, माझं पानी मचूळ लागतं रे. तुझं कसं आहे?"

सिप्रियन म्हणाला, "माझंबी तसंच. वर्षच वाईट आहे."

हे मला कसं कळलं? पुढं त्यानंच तेव्हाच्या फादरांना सांगितलं, माझ्या कपाटाला पाठ लावून. विकल्याचं सांगताना त्याचा आवाज नीट होता. हे एक वाक्य मात्र त्यानं अर्ध्यात सोडून पुन्हा सुरू केलं.

पाईप सापडला तेव्हा ऑगस्टीनची बाग संपलेली होती. आता तो विरारला एका टॉवरच्या फाटकावर वॉचमन आहे. टॉवरला टँकरचं पाणी येतं. तोच वहीत टँकरचा नंबर लिहितो.

गावानं काय केलं म्हणाल, तर काहीच नाही. मारलं नाही, शिवी दिली नाही. बोलायचं थांबलं. मिस्सात फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. सगळे वळून हात जोडतात. सिप्रियन ज्या बाकावर बसायचा, त्याच्या पुढचा आणि मागचा बाक रिकामा. तो हात जोडून डावीकडं वळायचा, उजवीकडं वळायचा, मग हात खाली. मी कपाटात, हे प्लासिड मला घासताना सांगायचा. सांगायचा, पण वळून हात तोही जोडायचा नाही.

सिप्रियननं मोटर काढली, पाईप उपटला. पापनिवेदन केलं, माफी मिळाली. देवाचं खातं लवकर मिटलं. मग तो फावडं घेऊन बावखलात उतरला. एवढ्या वर्षांत कोणी गाळ काढला नव्हता. निम्मं बावखल इमारतींच्या राबिटानं, विटा-सिमेंटच्या राडारोड्यानं भरलेलं. रोज सकाळी एकटा उपसायचा. लोक जाता-येता म्हणायचे, "बघा, प्रायश्चित्ताचा खेळ चाललाय." त्याच्याशी नाही, एकमेकांशी बोलायचे.

अशी सहा वर्षं गेली. यंदा नवे फादर आले, मर्विन. त्यांनी बाराजणांच्या यादीत सिप्रियनचं नाव घातलं. त्याच दिवशी वेदीमागच्या खोलीत माणसं जमली. महिला मंडळाची कोंसूबाय पुढं.

"फादर, तो बसला तर आम्ही उठणार."

"कोंसूबाय, प्रभूनं दगा देणाऱ्या यहूदाचेसुद्धा पाय धुतले."

"धुतले ना! पण दुसऱ्या वर्षी त्याला परत बोलावलं नव्हतं."

खोलीत हशा पिकला. फादरही हसले. मग म्हणाले, "यादी बदलणार नाही."

कोंसूबायनं जाता-जाता मला कपाटातून काढून टेबलावर आदळलं. "चांगली घास रे प्लासिड. या वर्षी लागेल." तिला काय बोलावं? तिनं स्वतःची वाडी गेल्या साली बिल्डरला दिली. शपथ पाण्याची होती, जमिनीची नव्हती.

गुरुवार आला. चर्चची विहीरही खारी झालेली, तेव्हा माझ्यासाठीचं पाणी टँकरनं आलं. प्लासिडनं ते तांब्यात भरलं, कुणाकडं न बघता.

अकरा खुर्च्या भरल्या. आता बायकाही बसतात, कोंसूबाय तिसऱ्या खुर्चीवर. सिप्रियन शेवटी आला. सकाळपासून बावखलात होता, तसाच. शर्ट बदललेला, पण पाय तसेच, भेगांमध्ये काळा गाळ. तो बाराव्या खुर्चीवर टेकला आणि अकरावी रिकामी झाली. मग दहावी. मग मध्ये-मध्ये दात पडावेत तशा. कोंसूबाय उठली तेव्हा खुर्ची मुद्दाम वाजली. उरले पाच. तेही मला वाटतं गुडघे दुखत होते म्हणून.

सिप्रियन खाली बघत होता. त्याला खुर्ची नको होती, हे मला आता कळतं. शेवटच्या बाकावर ऑगस्टीन बसला होता, अंगावर वॉचमनचा निळा गणवेश, मिस्सानंतर ड्युटी. तो उठतो की बसतो, एवढंच सिप्रियनला बघायचं होतं. आणि मान वर करायची हिंमत होत नव्हती.

फादर गुडघ्यावर बसले. पाच पाय झाले, मग सिप्रियनचा माझ्यावर आला. फाकलेला अंगठा, ओळखीचा. फादरांनी पाणी ओतलं, आणि माझं पाणी पहिल्यांदा काळं झालं. एकदा ओतलं, दोनदा ओतलं, गाळ सुटेना. फादरांनी बोटानं भेगा साफ केल्या. सिप्रियन हळूच म्हणाला, "फादर, राहू द्या. नाय निघायचं." मागून कोणीतरी कुजबुजलं, "दाखवायलाच आणलाय चिखल." पुसताना टॉवेलवर काळा डाग पडला तो पडलाच.

मिस्सा संपल्यावर सिप्रियननंच मला उचललं. हे पाणी गटारात टाकत नाहीत, मातीत घालतात. तो मागच्या नारळाशी आला, तर तिथं ऑगस्टीन उभा. तो उठला नव्हता, बरं का. शेवटपर्यंत बसला होता.

"कुठं ओततोस?"

"मुळाशी."

"टँकरचं आहे ते."

"हां."

सिप्रियननं मला कलती केली. काळं पाणी मातीत मुरेपर्यंत दोघं बघत होते.

"किती गाळ राहिलाय बावखलात?" ऑगस्टीननं विचारलं.

"कमरेएवढा."

"रविवारी मला सुट्टी असते." मग तो अजून एक पाऊल पुढं आला. "माफ केलं असं समजू नको. माझी बाग गेली ती गेली. मी मरेपर्यंत ती गेलेलीच राहील."

"समजत नाय मी तसं," सिप्रियन म्हणाला.

ईस्टरनंतर कोंसूबायनं चर्चला नवी स्टीलची परात दिली, चकचकीत. मला प्लासिडनं सिप्रियनच्या दारात आणून ठेवलं. "तुमच्याच आईचं नाव आहे, ठेवा." एवढं बोलला आणि गेला. इतक्या वर्षांनी मी माहेरी आले म्हणायचं, पण घरात पीठ मळणारं कुणी नाही. एल्रॉय तिकडं, बायको गेलेली.

मग सिप्रियननं मला बावखलावर आणलं. घमेलं फुटलं होतं. तो खाली गाळ भरायचा आणि वर ऑगस्टीनच्या हातात द्यायचा. ऑगस्टीन ओतून रिकामी खाली द्यायचा. तीन रविवार असेच गेले, एका शब्दाशिवाय. माझा काठ वाकला, बुडाला चीर गेली.

चौथ्या रविवारी ऑगस्टीननं मला उलटी केली, अंगठ्यानं काठावरचा गाळ पुसला आणि ते नाव वाचलं. लहानपणी या परातीतली भाकरी त्यानंही खाल्ली होती. तो खाली वाकून ओरडला, "अरे गाढवा! इनासबायच्या परातीत गाळ भरतोस? लाज आहे का जरा, नालायक माणसा? आईला तरी सोड!"

सहा वर्षांत गावातल्या कुणी सिप्रियनला दिलेली ती पहिली शिवी. तो गाळात कमरेएवढा उभा होता. फावडं त्याच्या हातातून सुटलं. तोंड दोन्ही हातांनी झाकून तो रडला, आणि ऑगस्टीन वरून त्याला शिव्या देत राहिला, बागेच्या, पाण्याच्या, त्या कुंपणाजवळच्या एका वाक्याच्या. घसा बसेपर्यंत देत राहिला.

आता मी काठावर उपडी पडलेय. खाली त्यांचं काम चाललंय, ऑगस्टीननं आणलेल्या घमेल्यानं. विहीर अजून खारीच आहे. पावसाळे किती लागतील, ते दोघांनाही माहीत नाही, आणि दोघांची वयं बघता त्यांना गोडं पाणी दिसेल असं मला वाटत नाही.

निघायच्या आधी एक मागते. तुमच्या गावात, तुमच्या बाकावर असा कोणी बसत असेल. माफ करता येत नसेल तर करू नका, तुमचं दुःख तुम्हाला माहीत. पण त्याच्याशी बोला. शिवी द्या, तोंडावर द्या. गप्प तेवढे राहू नका हो.