झाकणाखालचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना ड्रिल आहे. भिंतींना भोकं पाडत घरभर बोंबलत फिरतो तो नव्हे. तो माझा उनाड चुलतभाऊ. मी एका जागी उभा राहणारा. खाली बिडाचा जड पाया, मधे खांब, डोक्यावर मोटर आणि झाकणाखाली रबरी पट्टा. मोटर फिरली की पट्टा फिरतो आणि पट्ट्याबरोबर माझं टोक. बाजूचा दांडा ओढला की ते टोक खाली येतं आणि लाकडात सरळ भोक पाडतं. एवढं एकच काम मला येतं, पण ते चोख येतं.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवलं, मग घासूनपुसून मला हिरवा रंग दिला. दुकानात माझ्या शेजारी एक हलका, चकचकीत ड्रिल होता. येणारा-जाणारा त्याच्यावरच भाळायचा. माझे मालक मात्र बसचालक, आणि सुतारकामाचा त्यांना भारी नाद. त्यांनी त्या चकचकीताचं टोक चिमटीत धरून हलवलं, ते लटपटलं. मग माझं धरलं, मी ढिम्म. "हाच द्या," ते म्हणाले, "हा माझ्यानंतरही राहील." त्या दिवशी मी किती फुगलो म्हणून सांगू!

घरी मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "आणलीत का माझी सवत?" असं विचारलं आणि चहा टाकायला गेल्या. मला मिशा असत्या तर तिथेच पिळून दाखवल्या असत्या. पण बाई तोंडाने फटकळ असल्या तरी मनाने चांगल्या निघाल्या.

मागच्या खोलीत माझा संसार सुरू झाला. स्टूल, फळ्या, शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या, लेकीची चाकांची गाडी, सगळ्यांची भोकं माझ्याच हातची. लेक स्टुलावर उभी राहून दांडा ओढायला शिकली. एकच नियम होता: झाकणाला हात लावायचा नाही, पट्ट्यात बोट सापडेल. झाकण फक्त मालक उघडत. दर रविवारी तेलाची बाटली आणि फडकं घेऊन ते माझ्यापाशी उभे राहायचे. तेल माझ्या खांबाला आणि दांड्याला. फडकं पट्ट्याची धूळ पुसायला, तेही कोरडं. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मग मालकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. डॉक्टरांनी बजावलं, रोज चालले नाहीत तर पायही कायमचे जातील. पण मालक एकदा बोळात पडले आणि त्यांनी जी धास्ती घेतली, ती खाटेवरून पाय खाली सोडायला तयार होईनात. लेक धावत माहेरी आली. खाटेपासून थेट मागच्या खोलीपर्यंत भिंतीलगत लाकडी कठडा बसवायचा, असं तिने ठरवलं. आधी तिने माझ्या चुलतभावाला हाताशी घेतलं. भोकं तिरकी पडली, कठडा डुगडुगला. डुगडुगत्या कठड्याला घाबरलेला माणूस हात तरी लावेल का?

शेवटी ती माझ्याकडे आली. टोक लाकडाला टेकलं आणि मी थांबलो. वर मोटर गुरगुरतेय, खाली टोक जागचं हलेना! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मोटर गेली, असं समजून लेकीने भंगारवाल्याला बोलावणं धाडलं. खरं काय झालंय ते मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे?

भंगारवाला यायच्या आधी मालकांना एकदा त्यांचा ड्रिल दिसू दे, असं मालकीणबाई धरून बसल्या. खुर्चीत बसवून दोघींनी त्यांना आणलं. त्यांनी मला चालू करायची खूण केली, कान देऊन ऐकलं आणि डावं बोट झाकणाकडे नेलं. लेक चांगली मोठी बाई, तरी तिचा हात पुढे होईना! तिने बापाकडे पाहून खात्री केली, मला बंद केलं आणि मग झाकण उघडलं. मालकांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि वर धरला. अंगठा तेलाने काळाकुट्ट झाला होता.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

"मी," मालकीणबाई म्हणाल्या. "रोज घालते. दर रविवारी तुम्ही तेलाची बाटली घेऊन झाकण उघडताना मला खिडकीतून दिसायचं. तुमच्यासाठी दुसरं काय होतं हो माझ्या हातात?"

मालक हसले. आजारपण आल्यापासून पहिल्यांदाच. तो काळा अंगठा त्यांनी बायकोच्या नाकाच्या शेंड्याला लावला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "सवतीला... जीव लावलास."

तेलामुळे चाकांवरून घसरणारा पट्टा लेकीने साबणाच्या पाण्याने पुसून वाळवला, त्याची चाकंही पुसली आणि मी पुन्हा पूर्वीसारखा फिरलो. भंगारवाला चहा पिऊन परत गेला. कठड्याचं एकूण एक भोक सरळ पडलं. ज्या दिवशी मालक डाव्या हाताने कठडा धरत, थांबत थांबत माझ्यापर्यंत आले, त्या दिवशी लेक दारात उभी राहून रडत होती. त्यांनी तोच हात वळवून माझा दांडा ओढला. डाव्या हाताला सवय नव्हती, पण भोक सरळ पडलं. तेवढी जबाबदारी माझी होती.

मित्रांनो, आम्ही जड यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतो. पण आमची नस घरात एकट्यालाच ठाऊक असली, की त्याच्याबरोबर आम्हीही अंथरूण धरतो. म्हणून नुसता जीव लावू नका, झाकण उघडून घरच्यांना दाखवाही.

आता रविवारी माझं झाकण मालकीणबाई उघडतात. मालक कठडा धरून शेजारी उभे असतात आणि दर वेळी बजावतात, "कोरडं... फडकं."

"कळलं हो," त्या म्हणतात. "तुम्ही आधी कठडा घट्ट धरा."