चुडाव्याची खाडी

चुडाव्याजवळ पूर्णा नदीत चतुराबाई भोईण झिंगे धरायची. आषाढात नदीला गढूळ पाणी आलं की झिंग्यांच्या माद्यांच्या पोटाखाली अंड्यांचे घोस लटकत. तसली मादी जाळ्यात आली की ती पाण्यात परत सोडायची. सासूनं शिकवलं होतं तिला.

निजामी राजवटीतल्या एका चैत्रात महसूल खात्याचे गिरदावर दिनकरराव हुकूम घेऊन गावात आले. हैदराबादेत कुणा बड्या साहेबानं समुद्राकाठच्या खाड्यांवरचं पुस्तक वाचलं होतं. तिथले झिंगे चैत्र-वैशाखात अंडी घालतात असं त्यात होतं, म्हणून राज्यभर त्या महिन्यांत झिंगे धरायला बंदी. आषाढात मात्र मोकळीक.

"सायेब, हे उलटं झालं," चतुराबाई म्हणाली. "आता डोह आटायलाय. धरले न्हाईत तर झिंगे चिखलात मरतेत. अंडी आषाढात असत्यात."

"हुकमात तसं नाही. खाडीच्या पाण्याचा खारेपणा विचारलाय, तेवढा सांग."

"खाडी म्हंजी?"

खाडी दिनकररावांनीही पाहिली नव्हती. त्यांनी नदीचं ओंजळभर पाणी चाखलं आणि 'गोडं' असं लिहून पाठवलं. आठ दिवसांत जाब आला: पाणी खारं का नाही याची कैफियत द्या, खात्याचे वरिष्ठ मोहतमीमसाहेब मुआयन्याला, पाहणीला येताहेत. नोकरीच्या धास्तीनं दिनकररावांनी मिठाची चार पोती नदीकाठी आणून उतरवली.

आटत्या डोहात मीठ पडलं तर झिंगे मरतील, हे चतुराबाईला दिसलं. पण भांडून हा माणूस ऐकायचा नाही, हे तिनं ओळखलं.

"नदीत कशाला, सायेब? तुमची खाडी तिकडं हाय," म्हणत तिनं त्यांना गावामागच्या म्हशींच्या डबक्यावर नेलं. दिनकररावांनी पोती तिथं रिकामी करवली.

मोहतमीमांनी डबक्यात बोट बुडवून जिभेला लावलं, ते थुंकले आणि खूश झाले. 'उत्तम खाडी' असा शेरा पडला. भोवती काटेरी तार आली, दोन शिपाई बसले. म्हशीवाल्या किशनरावानं तक्रार केली, तर झिंग्यांच्या पैदाशीत अडथळा आणल्याची ताकीद त्यालाच मिळाली.

नदीकडं कुणी फिरकलं नाही. चतुराबाईनं आटत्या डोहातले मोठे झिंगे धरले, बारके टोपलीतून खोल पाण्यात नेऊन सोडले. आषाढात पूर आल्यावर जाळं गुंडाळून ठेवलं.

एकदा ती डबक्यावरून जाताना शिपाई म्हणाला, "बाई, आत एक बी झिंगा दिसत न्हाई."

"बाळंतिणी हायत, बाबा. पडद्यात असतेत."

शिपायानं मान डोलावली आणि तो डबक्याकडं पाठ करून उभा राहिला.