तार गप्प का झाली

कपाटातली बिस्किटं मामा खात होता आणि बोलणी चिंगी खात होती. ताईला, म्हणजे चिंगीच्या आईला, आपल्या भावाचा संशयही येत नव्हता. रेडिओ दुरुस्त करणारा इतका गंभीर माणूस डब्यात हात कशाला घालेल?

शेवटी चिंगीने चोर पकडायचं यंत्र जोडायला घेतलं. डब्याखाली वजन सांगणारा तुकडा, कपाटाच्या दाराशी उजेड ओळखणारा, शिवाय एक छोटा पडदा आणि भोंगा. सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं ते दोन तारांवरून. पण पडदा काही उजळेना. तिने तारांना आणखी एकेक रेझिस्टर लावला.

मामा बघत होता. तोंड मिटून बसला असता तर त्याची दुपारची सोय शाबूत होती. पण चुकीची जोडणी बघून त्याला राहवायचं नाही.

"किती लावलेस गं?"

"प्रत्येक तारेला पाच. जास्त लावले की तार मजबूत."

"इकडे ये." त्याने खिळ्याला रबर अडकवून त्याला पट्टी टांगली. "ही तुझी तार. रबर तिला वर ओढून ठेवतं, तेच रेझिस्टरचं काम. ज्याला बोलायचंय त्याने तिला खाली ओढायचं. करंगळीने ओढ."

पट्टी सहज खाली आली. मामाने आणखी चार रबरं चढवली. चिंगीची करंगळी लाल झाली, पट्टी अर्ध्यातच अडली.

"म्हणजे बिचारे बोलतायत, पण तार पुरती खाली येत नाही?"

"मग समोरच्याला काय कळणार, कपाळ?"

"काढूनच टाकते सगळे."

"मग खाली गेलेली तार वर कोण आणेल? तुझी आई? तारेला एकेक ठेव."

तिने जादा रेझिस्टर काढले आणि पडद्यावर डब्याचं वजन उमटलं. मामाने शाबासकी दिली आणि मग चोरून कपाटाकडे बघितलं.

दुपारी घर पेंगत होतं. मामाने कपाटाबाहेरच्या एका तारेला चिमटा लावून ती खाली धरून ठेवली. आता ती वर येईना, म्हणून सगळे तुकडे मुके. त्याने निवांत दार उघडलं, डबा उघडला, दोन बिस्किटं एकदम तोंडात कोंबली, आणि भोंगा कोकलला.

दारात चिंगी, तिच्यामागे कमरेवर हात ठेवून ताई.

"तार गप्प झाली की भोंगा वाजेल असं मी जेवणानंतर केलं," चिंगी म्हणाली. "तिला गप्प करणं घरात दोघांनाच जमतं. त्यातली एक मी."

ताईने भावाच्या हातातून डबा काढून घेतला.

"पण लगेच का नाही वाजला?" मामाने भरल्या तोंडाने विचारलं. शिकवणाऱ्याची खोड, दुसरं काय.

"तुला तोंड भरायला वेळ नको?"