तांब्याचा झोका

पाटणच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यासुद्धा पाट्या टाकून झोकेमहाराजांच्या मांडवात घुसल्या होत्या. वस्त्र पांघरलेल्या चौरंगावर तांब्याच्या तारेचा वीतभर झोका टांगलेला.

"बर्माच्या लढाईत पोरगं हाय? नाव घ्या! जित्ता असंल तर झोका हालंल. आन् लोहचुंबकाची करणी म्हणत असाल, तर ह्ये बगा!"

महाराजांनी झोका काढून त्याला लोहचुंबक लावला. तांबं कुठलं चिकटतंय! झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या.

चंद्राबाई पुढे झाली. तिचा नाथाजी माझा विद्यार्थी. तो लढाईत पडल्याचं पलटणीचं पत्र येऊन वर्ष झालं, पण दर बाजारी झोका हालतोय म्हणून तिनं त्याचं दहावं घालू दिलं नव्हतं.

"नाथाजी," ती म्हणाली. झोका हालला. ती हसली.

विज्ञान शिकवणारा मी, मला राग आवरेना. पुढे होऊन म्हणालो, "क्षमा." माझी लेक. चार वर्षांपूर्वी या हातांनी तिला माती दिली होती.

झोका हालला.

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला खरं वाटलं. मग मात्र मी वस्त्र ओढलं. खाली भला मोठा लोहचुंबक, तारांनी झोक्याला जोडलेली मोटारीची बॅटरी आणि महाराजांच्या मांडीखाली बटण!

"चुंबक तांब्याला ओढत नाही," मी ओरडून सांगितलं. "पण तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई हालते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी डेन्मार्कातल्या एका प्राध्यापकानं पाहिलं. पुढे वीज वाहणारी तार चुंबकाभोवती आपसूक फिरते, हे फॅरडेनं दाखवलं. लॉरेंट्झनं नियम मांडला: धावत्या विद्युतभाराला चुंबक आडवा रेटतो. बटण दाबलं की झोक्याच्या तारेतून वीज धावते, खालचा चुंबक तिला रेटतो, झोका हालतो. नाव कुणाचंही घ्या!"

महाराज मागच्या कनातीतून पसार. लोक हसले. चंद्राबाई तेवढी जागची हालली नाही.

"मास्तर, तुमी लेकीला माती तरी दिली. मला त्याचं तोंड बी दिसलं न्हाई वो. झोका तेवडा ऱ्हाऊ द्यायचा हुता."

आठ दिवसांनी तिनं दहावं घातलं. मी लांब उभा राहून रडलो.

बाबांनो, चमत्कार दिसला की वस्त्र उचलून पाहाच. लबाडाला आपल्या दुःखावर जगू देऊ नका. पण उचलताना शेजारच्या आईचा हात धरा. मी धरला नव्हता.