झेंडूची परात

सारजाबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा तिचा नवरा येसू आदिनाथ महाराजांच्या टाकवे गावातल्या मंडपात गर्दीत हात जोडून बसला होता.

समोर दोन पराती. दोन्हींत येसूच्याच वावराची माती. एकीत सारजाबाईनं नाचणी पेरली होती. तिच्यात टारफुला माजला होता, नाचणीच्या मुळातून रस शोषणारं तण. दुसरीत आदिनाथ महाराजांनी अंगारा टाकून झेंडू लावला होता. तिथं टारफुल्याचा मागमूस नव्हता.

"माती एकच, लेकरांनो! दोष हाताचा हाय!" महिनाभर महाराज येईल त्याला हेच दाखवत होते, आणि लोक पाया पडत होते.

त्याच दोषापायी येसूनं बायकोला माहेरी धाडलं होतं. तिथं ती तापानं फणफणली. मेव्हण्यानं फोन केला, "दाजी, या, दवाखान्यात न्यायचंय." महाराज म्हणाले, "अमावस्या होऊ दे." येसू थांबला.

दिवसकार्य उरकल्यावर त्याची मुलगी हर्षदा मंडपात आली. ती पुण्यात शेतकी शिकत होती.

"महाराज, दुसऱ्या परातीत पण नाचणीच का न्हाई पेरली?"

"देवीला झेंडू आवडतो, पोरी."

"आन टारफुल्याला नाचणी!" गर्दीत हशा पिकला. तिनं झेंडू उपटला. "आता तुमच्या पवित्र हातानं नाचणी पेरा."

महाराज घुटमळले.

"पेरा की," म्हातारी मुक्ताबाई म्हणाली, "का हाताला मुंग्या आल्या?"

पेरावंच लागलं. परात हर्षदानं शाळेच्या ओट्यावर ठेवली. नाचणी वाढली, आणि तिच्या बुडाशी टारफुला उगवला. तोवर महाराजांनी मंडप गुंडाळून पोबारा केला होता.

"आबा," हर्षदा म्हणाली, "ह्याचं बी धुळीएवढं असतं. वर्षानुवर्षं मातीत निजून राहतं. नाचणीच्या मुळातून जे पाझरतं, त्यानं ते जागं व्हतं. झेंडूवर ते जगतच न्हाई. मग पेरणारा हात कुणाचा का असंना."

"म्हंजी तुझ्या आईचा..."

"न्हाई, आबा. काईच दोष नव्हता."

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढं तरी विचारावं, की दोन्हीकडं सारखंच पेरलंत का? त्याला अंगारा लागत नाही, शिक्षणही लागत नाही. जन्मभर नाचणी पिकवलेल्या येसूनं ते विचारलं नाही.

आता तो गावात भेटेल त्याला सांगतो, की सारजाच्या हाताला दोष नव्हता. मेव्हण्याच्या दारात जाऊन ते सांगायचं अजून राहिलं आहे.