पूर्ण खोली दिसते

"काका, हा हातात धरून बघा," दुकानातल्या कल्पिताने काउंटरवरून दुसरा टॅब पुढे केला.

गोपीनाथांनी डावा हात वॉकरवरून न काढता उजव्या हातात तो तोलून पाहिला. हलका होता. वर्तकनगरातल्या आपल्या घरी त्यांचाही असाच आठ इंची टॅब होता, पण जुना. "बाबा, धुक्यातून बोलताय असं वाटतं. नवीन घ्या ना," अक्षदा कॅनडाहून दर वेळी म्हणायची.

"आधी दाखवला त्याची बॅटरी जास्त चालते, आवाज पण भारी आहे. पण व्हिडिओ कॉल करायचा असेल तर हाच घ्या. कॅमेरा क्लिअर आहे, वाइड आहे. पूर्ण खोली दिसते."

"पूर्ण?"

"थांबा, दाखवते."

तिने टॅब उभा केला. पडद्यावर गोपीनाथ आले. गळ्याशी सैल झालेली कॉलर, बसलेले गाल आणि पुढ्यात तो वॉकर, चारही पायांसकट.

"नुसता चेहरा दिसेल असा नाही का?"

"आता सगळे असेच येतात, काका. आणि मुलीला सगळं नीट दिसलं तर बरंच ना?"

दोन महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात घसरले होते. शेजारच्या विठ्ठलने दवाखान्यात नेलं, ऑपरेशनच्या कागदावर सहीही त्यानेच केली. टॅब बिघडलाय असं सांगून ते तेव्हा मुलीशी फोनवरच बोलत राहिले; पडल्याचं तिला कळू दिलं नाही. आईच्या शेवटच्या आजारात अक्षदा हातची नोकरी सोडून धावत आली होती. आत्ता कुठे तिचं परत बस्तान बसत होतं.

"विचार करून येतो," ते म्हणाले. कल्पिताने बाहेर येऊन रिक्षा थांबवून दिली.

संध्याकाळी जुन्या टॅबवर अक्षदाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ते भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले होते.

"बघितले का टॅब?"

"बघितले. आपल्या टॅबमध्ये नि नव्यांत काही फार फरक नाही गं."

"काय हो बाबा. बरं, आईच्या मोगऱ्याला फुलं आलीत का? जरा बाल्कनीत नेऊन दाखवा ना."

बाल्कनी चार पावलांवर होती. टॅब हातात घेऊन त्यांना उठता आलं नसतं.

गोपीनाथ हलले नाहीत. ओठ अर्धवट उघडे, नजर एका जागी. श्वाससुद्धा त्यांनी आवरून धरला.

"बाबा? हॅलो? बाबा, ऐकू येतंय का?" ती पडद्याजवळ वाकली. इतक्या जवळून तिचा चेहरा त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. कानाजवळ एक पांढरा केस दिसत होता. "हँग झाला वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. पण तिने लगेच कॉल बंद केला नाही. हनुवटी तळहातावर टेकवून ती त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसली.

गोपीनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पापणी लवू दिली नाही.