लॉनमधल्या बाभळी

चिमटीत धरलेलं रोप काय आहे हे मला बघताक्षणीच कळलं, तरी मी ते उलटंसुलटं करून पाहत बसले. दोन जाडसर पानं आणि त्यांच्या मधून चिंचेच्या पाल्यासारखा बारीक पाला. बाभूळ. हातभर पुढे आणखी एक, त्याच्या शेजारी तीन. पुढची मोजली नाहीत. माठ, घोळ, गाजरगवत हे तणही होतं. कंपनीच्या झेंड्याच्या खांबाभोवती आम्ही पाच गुंठे लॉन लावलं, त्याला एकोणीस दिवस झाले होते, आणि तिथे बाभळीचं रान उगवत होतं.

एक डोळा हर्षदावर होता. माझी दोन वर्षांची पोर कडुनिंबाखाली सासूबाईंजवळ खेळत होती, आणि तिथून वीस पावलांवर फोर्कलिफ्टची ये-जा चालू होती. काम करताना माझं निम्मं लक्ष तिकडेच असतं.

सणसवाडीतलं हे आमचं पहिलंच काम. हर्षदाच्या पप्पांना शेजारच्या कंपनीत सात महिने भरल्यावर ब्रेक दिला होता, तिथून परत बोलावणं आलं नाही. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेली. शिरूरजवळच्या एका नर्सरीत रोपं विकायला बसायचे. तिथे या कंपनीचे मॅनेजर नातू साहेब गुलाब घ्यायला आले आणि बोलता बोलता विचारलं, आमचं लॉन कोण करून देईल? ‘मी देते’ असं माझ्या तोंडून निघून गेलं.  तीन महिने बघू, जमलं तर वर्षाचं काम देऊ, असं साहेबांशी ठरलं. हे काम गेलं तर दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहून काय सांगणार, हा विचार मला रोज यायचा.

माझे सासरे गेणबा. त्यांना मी मामा म्हणते. तरुणपणी दीडशे मेंढरं घेऊन त्यांनी कोकणापर्यंतची वाट तुडवलेली. लॉनची कल्पना त्यांना समजावून सांगितली, ती त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, “म्हंजी गवात लावायचं, पानी पाजायचं, आन् वाढलं की कापून फेकायचं. जनावराला बी न्हाई?”

“नाही मामा. बघायला असतं.”

“बघायला,” ते म्हणाले आणि सासूबाईंकडे पाहून हसले.

पण खताचा विषय निघाला तेव्हा ते हसले नाहीत. तिथे त्यांचा शब्द चालायचा. कळप फिरत असताना शेतकरी मानानं बोलवायला यायचे, रात्रभर मेंढरं रानात बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. ज्या रानात मामांच्या कळपाचा वाडा बसला तिथली ज्वारी लांबून ओळखू यायची म्हणतात. त्यामुळे लॉनला खत कुठलं, हा त्यांच्या मते प्रश्नच नव्हता. यवतकडे त्यांच्या मावसभावाचा, कोंडिबांचा, कळप बसला होता. तिथून दोन ट्रॉल्या ताजी लेंडी आली.

उन्हाळा संपत आलेला. त्या दिवसांत मेंढरं बाभळीच्या शेंगांवरच जगतात. शेंग पचते, बी पचत नाही. उलट पोटातल्या रसानं त्याचं कवच मऊ पडतं आणि ते लवकर उगवतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मी इतकंच म्हटलं, “मामा, वर्षभर कुजवलेलं घ्यायचं का?”

“माझ्याकडं खत मागाया पाटील यायचं दाराशी,” ते म्हणाले. “तू मला शिकिवती व्हय?”

मी गप्प बसले. वाद नको, पोर झोपली आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मी घाबरले.

नातू साहेब गुरुवारी फेरी मारायला आले. सोमवारी परदेशातले पाहुणे कारखाना बघायला यायचे होते. साहेबांनी बुटाच्या टोकानं एक रोप हलवलं आणि विचारलं, हे लॉनच आहे ना? मी खरं ते सांगितलं. तणाचं औषध का नाही मारत, असं ते म्हणाले. त्या औषधानं कोवळं गवतही जळेल, हेही मी सांगितलं. मग त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या नर्सरीचं नाव घेतलं. ते लोक तयार गवताची चटई आणून एका दिवसात अंथरतात म्हणे.

“पण हे झालं कसं? खत कुणी ठरवलं?”

मामा माझ्या मागे, पाइप हातात धरून उभे होते. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पाइपमधून त्यांच्याच पायावर सांडणारं पाणी दिसत होतं.

“मी,” मी म्हणाले. “मला माहीत होतं, तरी मी ताजं खत टाकू दिलं. सोमवारी सकाळी इथे एक बाभूळ दिसली तर मीच सामान उचलते, सर.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बरं म्हणाले.

घरी जाताना मामा जीपमध्ये मागे, जागा नसताना शेवटी चढलेल्या माणसासारखे अंग चोरून बसले. 

सासूबाईंनी तळेगावातून कांद्याच्या खुरपणीला जाणाऱ्या चार बायका आणल्या. त्या सवयीनं खुरपी घेऊन आल्या. मी खुरपी गोळा करून कडुनिंबाखाली ठेवली, तेव्हा त्यांतल्या मुक्ताबाई म्हणाल्या, “आता काय दातांनी उपटायचं का बाई?” खुरप्यानं शेंडा तुटतो आणि मूळ आत राहतं, शिवाय गवताचे जमिनीसरशी पसरणारे धावरे कापले जातात. म्हणून आधी पाणी द्यायचं, माती लोण्यासारखी झाली की दोन बोटांनी बुडाशी धरायचं आणि सरळ वर ओढायचं. बाभळीचं मूळ पोरीच्या वितीपेक्षा लांब निघायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दीड गुंठाही झाला नाही. मुक्ताबाई म्हणाल्या, कांदा बरा, निदान खाता तरी येतो. शनिवारी हर्षदाच्या पप्पांनी पाणी धरलं आणि ओळी आखून दिल्या. माझ्या पाठीत कळ निघायची, तरी मी उठले नाही. मी उठले असते तर सगळ्याच उठल्या असत्या.

रविवारी सकाळी मान वर केली तर शेवटच्या ओळीला मामा बसलेले. डोक्याला पटका, गुडघे चिखलात. खुरपायला बायकांच्या ओळीत बसलेला धनगर त्यांच्या पिढीत कुणी पाहिला नसेल. मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी मुक्ताबाईंकडे नुसतं बघितलं, आणि पदर खाली आला.  मामांची बोटं जाड, रोप निसटायचं. ते पुन्हा धरायचे.

चार वाजता शेवटची ओळ संपली. मी काठाकाठानं दोनदा फिरले, आणि अंधारून येण्याआधी आणखी एकदा.

सोमवारी पाहुणे आले. गाडीतून उतरले, हात मिळवले आणि लॉनकडे एकदाही न बघता आत गेले. नातू साहेब मात्र मागे थांबले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, दोनदा वाकले. पाच मिनिटांनी म्हणाले, कॅन्टीनमागची जागा पण घ्या. वर्षाचा कागद करायला बुधवारी या.

हे ऐकून सगळ्यांत आधी मी हर्षदाला उचललं. तिला काही कळलं नाही, ती खाली उतरायला धडपडत होती.

महिनाभरानं कॅन्टीनमागे जमीन तयार करत होतो. कोंडिबा यवतहून सहज म्हणून आले होते. मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “गेणबा, उद्या दोन ट्रॉल्या धाडतो. तुला काय सांगायचं, तू तर खतातला दर्दी.”

मामांनी लगेच हो म्हटलं नाही. माती चाळत मी पन्नास फुटांवर होते. ते माझ्याकडे निघाले. नव्यानं भुसभुशीत केलेल्या वाफ्याशी आल्यावर, खळ्यात शिरताना काढतात तशा त्यांनी वहाणा काढल्या आणि अनवाणी, पावलं जपून टाकत आत आले. कोंडिबा बघत होते. मामांना ते बघतायत हे ठाऊक होतं.

“सुषमा,” ते म्हणाले. एरवी ते मला हर्षदाची आई म्हणत. “कोंडिबा इचारतोय. काय सांगू त्याला?”